आवडत्या मांगा पात्राची कथेतली भूमिका कशी मांडावी: नव्या वाचकांसाठी

‘मला ह्यूज जाम आवडतो’ या वाक्यावर चर्चा होत नाही. समोरचा एक तर ‘मलाही’ म्हणतो, नाही तर ‘मला नाही’, आणि विषय तिथेच संपतो. तेच ‘ह्यूज मेला नसता तर मस्टँग वेगळा माणूस झाला असता’ असं म्हटलं की कुणीतरी लगेच विचारतं, ‘कशावरून?’ खरी चर्चा या ‘कशावरून’पासून सुरू होते. आवड तुमची असते, भूमिका कथेतली असते. भूमिका दाखवायची तर पानं उघडावी लागतात. ती कशी उघडायची, काय टिपायचं आणि कुठे घसरायला होतं, ते पुढे दिलं आहे.

उदाहरणादाखल हिरोमु अराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या मांगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, मेस ह्यूज घेतला आहे. मस्टँग हा त्याचा लष्करातला मित्र, आणि एडवर्ड व अल्फॉन्स हे दोघे भाऊ कथेतली मुख्य पात्रं. या मालिकेची, तसंच ‘डेथ नोट’ आणि ‘अटॅक ऑन टायटन’ची मोठी रहस्यं खाली उघड होतील. वाचायच्या बाकी असतील तर आधी त्या वाचा, लेख कुठे पळून जात नाही.

पात्र आणि हद्द

पहिल्या खेपेला नायक घेऊ नका. नायक जवळपास प्रत्येक पानावर असतो, त्यामुळे त्याची भूमिका सांगायला बसलं की पूर्ण कथाच सांगून होते. ‘वन पीस’च्या नायकावर, लुफीवर हात टाकलात तर आणखी पंचाईत. ‘वन पीस’ १९९७ साली सुरू झाली आणि तिचे शंभराहून जास्त खंड निघाले आहेत, म्हणजे नोंदी कधी पुऱ्या व्हायच्याच नाहीत. संपलेली, तिसेक खंडांच्या आतबाहेरची मालिका घ्या आणि तिच्यातलं दुय्यम पात्र निवडा. ‘डेथ नोट’ १२ खंडांची आहे, ‘फुलमेटल’ २७ आणि ‘अटॅक ऑन टायटन’ ३४ खंडांची.

निवड झाली की हद्द ठरवा आणि लिहून ठेवा: कितव्या खंडापर्यंत बोलायचं, फक्त मांगा की त्यावरची ॲनिमेशन मालिका, म्हणजे ॲनिमेसुद्धा. निम्मी भांडणं हद्द न ठरवल्यामुळे होतात. एक जण मांगातला ह्यूज डोक्यात ठेवून बोलतो आणि दुसरा २००३च्या ॲनिमेतला. ती मालिका निघाली तेव्हा मांगा अर्धवटच होता, म्हणून तिची कथा पुढे वेगळ्या वाटेनं गेली. तिथे ह्यूज ५१ भागांपैकी २५व्या भागात मरतो. २००९च्या ‘ब्रदरहुड’ या दुसऱ्या ॲनिमेमध्ये मात्र ६४ भागांपैकी दहाव्यातच. घटना एकच, पण एकीकडे प्रेक्षकाला त्याचा लळा लागायला चोवीस भाग मिळाले आणि दुसरीकडे नऊ. साहजिकच पाहणाऱ्यांच्या मनात दोन वेगळे ह्यूज तयार झाले.

पान नीट दिसलं पाहिजे

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा परिणाम काय होतो, हे मात्र निसटतं. समोरासमोरच्या दोन पानांपैकी उजवं आधी वाचलं जातं, मग डावं. डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात उत्सुकता ताणणारं पॅनेल, म्हणजे चित्राची चौकट येते, वाचक पान उलटतो आणि धक्का नव्या उजव्या पानाच्या सुरुवातीला बसतो. पात्राचा प्रवेश, मृत्यू किंवा मुखवटा गळणं नेमकं कुठे ठेवलं आहे, यावरून लेखकानं त्या क्षणाला किती वजन दिलं ते कळतं.

फोनवर एकेक पान वर सरकवत वाचलं तर हे काहीच हाती लागत नाही, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध तुटतं. नोंदी करताना टॅबलेट आडवा धरा आणि दोन पानांची मांडणी निवडा. तरीही मोठी चित्रं जुळत नसतील तर बहुधा मुखपृष्ठामुळे पानांच्या जोड्या एकानं सरकलेल्या असतात. मुखपृष्ठ एकटं दाखवण्याचा पर्याय चालू केला की जोड्या जागेवर येतात.

उलट बाजूही पाहायला हवी. काही वेळा लेखक मुद्दाम वजन देत नाही. ‘अटॅक ऑन टायटन’च्या ४२व्या चॅप्टरमध्ये सैनिक रायनर आपण शत्रूच्या बाजूचे आहोत हे आपला सोबती एरेनला सांगतो, तेही बाकीच्यांचं बोलणं चालू असताना, सहज गप्पा माराव्यात तसं. ना पानभर चित्र, ना मोठा आवाज. खूप जण ते पॅनेल वाचून पुढे जातात आणि मग गडबडीनं मागे येतात. रायनरच्या मनाची जी दोन शकलं झाली आहेत, ती त्या सपाट मांडणीतूनच कळतात. त्याच्यावर बोलायचं तर एवढं एक पान पुरेसं आहे.

नोंदवही

साधी वही चालेल, तक्त्याची फाइल असेल तर आणखी सोयीचं. पात्र ज्या ज्या प्रसंगात दिसतं किंवा ज्यात त्याचं नाव निघतं, त्या प्रत्येकासाठी एक ओळ. रकाने पाच: खंड आणि चॅप्टर, पान, समोर कोण, पात्र काय करतं, आणि त्यामुळे पुढे काय बदललं.

चौथ्या रकान्यात क्रियापद लिहा, विशेषण नको. ‘प्रेमळ’ ही नोंद कामाची नाही. ‘मुलीचा फोटो मस्टँगच्या माथी मारतो’ ही कामाची. विशेषण म्हणजे तुम्ही आधीच काढून ठेवलेला निष्कर्ष, आणि निष्कर्षच टिपले तर पुढे तपासायला काही उरत नाही. पाचवा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील. राहू द्या. कुठली ओळ रिकामी आणि कुठली भरलेली, हेच नंतर पाहायचं आहे.

‘नाव निघतं’ हे शब्द विसरू नका. नवे लोक पात्र दिसतं तेवढेच प्रसंग टिपतात. ह्यूज चौथ्या खंडात मरतो. दिसण्यापुरतं टिपलं तर वही तिथेच संपते, जुन्या आठवणींतल्या प्रसंगांची थोडी भर पडते इतकंच. त्याच्या नावाचा पाठलाग केला तर वही मालिकेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत जाते.

मोजमाप चॅप्टरमध्ये करू नका, पानांत करा. ‘फुलमेटल’चे १०८ चॅप्टर आहेत आणि ‘डेथ नोट’चेही १०८. पण पहिल्याचे २७ खंड झाले आणि दुसऱ्याचे १२. पहिली मासिकात यायची आणि तिच्या एका खंडात चारच चॅप्टर बसायचे. दुसरी साप्ताहिकात, तिचे एका खंडात नऊ. म्हणून ‘हे पात्र फक्त दहा चॅप्टरमध्ये आहे’ या विधानाला मालिका कुठली ते कळल्याशिवाय अर्थ नाही. साप्ताहिकाचा चॅप्टर वीसेक पानांत आटोपतो, मासिकाचा बहुधा त्याच्या दुप्पट असतो.

एक खंड साधारण १८० ते २०० पानांचा. नोंदी करत वाचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो असं धरून चाला. पहिल्यांदाच वाचत असाल तर नोंदी करू नका, आधी मजा घ्या. वही दुसऱ्या वाचनाला काढायची.

काढून पाहा, बदलून पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कसोट्या दोनच आहेत. पहिली: पात्र कथेतून उचलून बाजूला ठेवलं तर काय काय कोसळतं? दुसरी: त्याचं काम दुसऱ्या कुणाला दिलं तर चालेल का? पहिल्या कसोटीवर बहुतेक आवडती पात्रं पास होतात. खरा कस दुसरीत लागतो.

ह्यूजचे चाहते पहिला मुद्दा हमखास हा सांगतात: देशाच्या नकाशावर रक्तपाताच्या जागा जोडून त्यातलं कारस्थान त्यानंच प्रथम ओळखलं. हे खरंच आहे. दफ्तरखान्यात त्याला ते उमगतं, कारस्थानातली लस्ट हल्ला करते, तो निसटतो. लष्कराच्या फोनवर भरवसा नको म्हणून बाहेरच्या फोन बूथमधून मस्टँगला फोन लावतो आणि तिथेच मारला जातो. मुद्दा भक्कम वाटतो. आता त्याला दुसरी कसोटी लावा. ह्यूजनं शोधलेलं मस्टँगपर्यंत पोचतच नाही. पुढे उत्तरेत ब्रिग्जच्या लष्करी ठाण्यावर एडवर्ड आणि इतर जण तेच गणित पुन्हा सोडवतात. म्हणजे माहिती शोधण्याचं काम दुसऱ्याला देता आलं, लेखिकेनं ते दिलंसुद्धा! ‘त्यानं रहस्य शोधलं’ हा ह्यूजबद्दलचा सर्वात लाडका मुद्दा खरं तर सर्वात कच्चा आहे.

मग पक्कं काय? बूथमधला प्रसंग पुन्हा वाचा. कुणाचंही रूप घेऊ शकणारा मारेकरी एन्व्ही आधी लष्करातल्या मारिया रॉसचं रूप घेतो आणि फसतो, कारण ह्यूजला तिच्या डोळ्याखालचा तीळ दिसत नाही. मग तो ह्यूजच्या बायकोचं, ग्रेशियाचं रूप घेतो. हा बनाव आहे हे ह्यूजला कळतं, तरी त्याचा हात थबकतो, आणि तेवढ्यात गोळी सुटते. आता नोंदवहीत मागे जा. फोटो दाखवणं, बायको-मुलीचं कौतुक, कामाच्या वेळी फोन करून मस्टँगला पिडणं, या सगळ्या विनोदाच्या ओळी होत्या आणि त्यांचा पाचवा रकाना रिकामा होता. इथे तो एकदम भरतो. तेच कुटुंबप्रेम त्याचा घात करतं आणि तोच फोन लटकत राहतो. हसवायला पेरलेल्या दोन गोष्टी मारण्याच्या कामी येतात. या जागी दुसरं पात्र ठेवून पाहा, प्रसंग उभाच राहत नाही.

दुसरी पक्की जागा मस्टँग. मस्टँग वर चढेल आणि आपण खालून आधार देऊ, असं ह्यूजनं ठरवलेलं असतं. मेल्यावर लेफ्टनंट कर्नल ह्यूजला दोन पायऱ्या बढती मिळून तो ब्रिगेडियर जनरल होतो, म्हणजे कर्नल मस्टँगच्याही वर. खालून ढकलणारा वर जाऊन बसला, ही चेष्टा मस्टँगला थडग्यापाशी सहन होत नाही. आभाळ निरभ्र असताना तो ‘पाऊस आला’ म्हणतो. तिथून पुढे देश सुधारण्याच्या ध्येयाला सुडाचा काटा लागतो. अखेरच्या टप्प्यात एन्व्ही समोर सापडल्यावर तो काटा इतका खोल गेलेला असतो की त्याची सहकारी हॉकआय, एडवर्ड आणि स्कार यांना मस्टँगला आवरावं लागतं. स्वतः सुडासाठी खून करत आलेल्या स्कारसारख्या माणसानं सुडापासून परावृत्त करावं, ही वेळ मस्टँगवर ह्यूजमुळे आली.

तिसरी जागा सहज सुटते, कारण ती पात्रांत नसून वाचकात आहे. ह्यूज गेल्याचं वाचकाला चौथ्या खंडातच कळतं, एडवर्ड आणि अल्फॉन्स यांना बरंच उशिरा. मधल्या काळात दोघं भाऊ हसत-भांडत फिरतात आणि वाचकाच्या पोटात गोळा येतो. पात्र पानावर नसताना काम करतं, ते असं.

तीन जागा सापडल्या, एक बाद झाली. या कसोटीतून एखादा आवडता मुद्दा बाद झाला तर वाईट वाटून घेऊ नका. काहीच बाद झालं नाही, तर कसोटी ढिली लावली असं समजा.

नायक, खलनायक आणि मराठीतली अडचण

मराठीत ‘नायक’ म्हटलं की कथा ज्याच्याभोवती फिरते तो आणि जो चांगला तो, असे दोन्ही अर्थ एकत्र येतात. मांगाच्या बाबतीत ही मोठी फसगत. ‘डेथ नोट’मध्ये कथा लाइटची आहे आणि लाइट खुनी आहे. त्याच्या आड येणारा एल कायद्याच्या बाजूचा आहे. एलला ‘खलनायक’ म्हणणं चूक आणि लाइटला ‘नायक’ म्हणून सोडून देणंही चूक. म्हणून चर्चेत ‘मुख्य पात्र’ आणि ‘विरोधी पात्र’ हे शब्द वापरा. चांगला की वाईट हा प्रश्न वेगळा ठेवा, त्यावर स्वतंत्र भांडा.

बदलून पाहण्याच्या कसोटीसाठी एल तर आयतं उदाहरण आहे. १२ पैकी सातव्या खंडात तो मरतो, आणि त्याचं काम निअर आणि मेलो या त्याच्या दोन वारसांत वाटलं जातं. दोघे मिळूनच एलच्या पुढे जाऊ शकतो, असं निअर स्वतः बोलून दाखवतो. एका पात्राच्या जागी दोन लागली, मग त्या एकात नक्की काय काय होतं? प्रश्न असा विचारला की चर्चा तासभर तरी चालते.

पुराव्याची उतरंड

सगळे पुरावे एका वजनाचे नसतात. सर्वात वर मूळ मांगाचं पान. त्याखाली लेखकानं मुलाखतीत किंवा खंडातल्या प्रश्नोत्तरांत सांगितलेलं आणि अधिकृत माहितीपुस्तकं. त्याखाली ॲनिमे, त्याखाली जोडकथा, कादंबऱ्या, चित्रपट आणि गेम. मनानं रचलेलं, ज्याला चाहते हेडकॅनन म्हणतात, ते उतरंडीत येतच नाही. ते खुशाल सांगा, पण ‘हे माझं’ असं म्हणून.

एलचं खरं नाव १३व्या, म्हणजे मार्गदर्शक खंडात दिलं आहे. ते अधिकृत आहे, पण त्यावरून कथेतल्या एलची भूमिका ठरवू नका, कारण कथा वाचताना कुणाला ते माहीतच नसतं. ‘अटॅक ऑन टायटन’मधल्या लिव्हायच्या तारुण्यावरची जोडकथा ‘नो रिग्रेट्स’ अधिकृत असली तरी तिची चित्रं मूळ लेखक इसायामा यांची नाहीत, तेव्हा तिच्यातल्या पॅनेलवरून इसायामांच्या चित्रशैलीबद्दल दावा करता येणार नाही. आणि २२० भागांच्या पहिल्या ‘नारुतो’ ॲनिमेतले शेवटचे ऐंशीहून जास्त भाग जवळपास पूर्ण मांगाबाहेरचे आहेत. पात्राचा लाडका प्रसंग त्यातला निघाला तर आधीच सांगून मोकळं व्हा.

‘लेखकानं हे पहिल्यापासून ठरवलं होतं’ हे वाक्य पुरावा हातात असल्याशिवाय तोंडातून काढू नका. साप्ताहिकाच्या वेगात कथा वाटेतच बदलते. वाचकांच्या पसंतीची पत्रकं येतात, संपादक नापसंती कळवतात. ‘ड्रॅगन बॉल’मधले अँड्रॉइड संपादकांना रुचले नाहीत म्हणून शत्रू बदलत गेले, असं तिचे लेखक तोरियामा यांनीच सांगितलं आहे. ‘मागे वळून पाहिलं तर जुळतं’ एवढं म्हणणं सुरक्षित.

लोकप्रियतेचे आकडे भूमिकेचा पुरावा म्हणून चालत नाहीत. ‘वन पीस’च्या २०२१च्या जागतिक मतदानात लुफी पहिला, झोरो दुसरा आणि नामी तिसरी आली. त्यावरून लोकांचा जीव कुणावर आहे ते कळतं, कथा कुणाच्या खांद्यावर आहे ते नाही. कोण कुणाला लढाईत हरवेल हा वादही तसाच. रंगतो भलताच, पण ते दुकानच वेगळं.

अनुवादाचा सापळा

एडवर्ड स्वतःला ‘ओरे’ म्हणतो आणि अल्फॉन्स ‘बोकु’. पहिल्यात रांगडेपणा आहे, दुसऱ्यात मऊपणा. दोन भावांच्या स्वभावातला फरक त्यांनी तोंड उघडताच जपानी वाचकाच्या कानावर पडतो. इंग्रजीत दोन्हींचा एकच शब्द होतो, मराठीत करायला गेलं तरी ‘मी’च. त्यामुळे अनुवादातल्या एका शब्दावर मोठा दावा उभारू नका. अधिकृत इंग्रजी आवृत्तीत झोरोचं नावसुद्धा अनेक वर्षं ‘झोलो’ असं छापलं जात होतं. संवाद उद्धृत करताना आवृत्ती सांगा, आणि जमेल तिथे संवादाऐवजी चित्राचा आधार घ्या. चेहरा, हात, पाठमोरं उभं राहणं यांना अनुवाद लागत नाही. तारखेआधी फुटलेल्या चॅप्टरच्या सारांशावर तर बोलूच नका. त्यात कोण कुणाला काय म्हणालं याची अदलाबदल सर्रास होते.

बोलायला बसताना

तीन ते सहा जण बरे. जास्त झाले की दोघेच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. प्रत्येकानं एका वाक्यात दावा लिहून आणावा. दाव्यात चार गोष्टी हव्यात: पात्र काय करतं, कुणाच्या बाबतीत, कुठल्या प्रसंगापासून, आणि ते नसतं तर काय झालं असतं. सोबत तीन पानं दाखवायला तयार ठेवा. त्यातलं एक आपल्याच दाव्याच्या विरुद्ध जाणारं असू द्या, म्हणजे समोरच्यानं ते काढून चकित करण्याआधी तुमचा त्यावर विचार झालेला असतो. ह्यूजच्या बाबतीत ते पान ब्रिग्जचं.

कोण कुठपर्यंत वाचून आलं आहे हे सुरुवातीला विचारून घ्या, आणि सर्वात मागे असलेल्याची हद्द ती सगळ्यांची हद्द. ‘थोडंसंच सांगतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. ‘त्याच्यावर जास्त जीव लावू नकोस’ एवढं म्हटलं तरी मृत्यू फुटतो.

वाद अडकला की मत विचारू नका, पान विचारा. ‘कुठल्या पानावर?’ या दोन शब्दांनी आवाज आपोआप खाली येतो. पान सापडलं नाही तर दावा तात्पुरता बाजूला ठेवा, खोटा ठरवू नका. आठवण चुकते तशी वहीही चुकते.

मालिका चालू असेल तर प्रत्येक दाव्याशेजारी तो केला तेव्हाचा शेवटचा चॅप्टर लिहून ठेवा. ‘हंटर × हंटर’सारखी मालिका मोठमोठ्या विश्रांतीनंतर परतते, तेव्हा कोण कुठे उभं होतं हेसुद्धा कुणाला आठवत नाही. अशा वेळी नवा चॅप्टर उघडण्याआधी जुन्या ओळी चाळा. ज्या ओळींचा पाचवा रकाना अजून रिकामा आहे, त्या आधी वाचा.